नातू म्हणतो, आजीला मोक्ष नाही

या वेळचं पत्र नागपूरच्या एका ताईंचं आहे, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते.

ताईंचं माहेर महानुभाव पंथाचं. लहानपणीच उपदेश (पंथाचा नाममंत्र) झालेला, घरात पंचकृष्णांशिवाय, म्हणजे पंथ मानतो त्या परमेश्वराच्या पाच अवतारांशिवाय, कोणाची पूजा नाही. लग्न होऊन नागपुरात आल्या तर सासर अगदीच वेगळं, सासूबाई शेगावच्या गजानन महाराजांच्या निस्सीम भक्त, भाद्रपदात घरी महालक्ष्म्या बसतात, आणि नवऱ्याला वेदांताची पुस्तकं वाचायचा नाद. इतकी वर्षं हे सगळं एका छपराखाली नीट चाललं. मुलगा इंजिनिअरिंगला बाहेरगावी आहे, हॉस्टेलवर राहताना तो एका कृष्णभक्तीच्या ग्रुपमधे जायला लागला, जपमाळ आली, कांदा-लसूण सुटलं. यंदा गणपतीत घरी आला तेव्हा आजीचं गजानन विजय पोथीचं पारायण सुरू होतं, दरवर्षी ऋषिपंचमीला म्हणजे महाराजांच्या पुण्यतिथीला त्या समाप्ती करतात. नातू म्हणाला, "आजी, हे वाचून पुण्य लागेल पण मोक्ष नाही मिळणार, त्याच्यासाठी कृष्णालाच शरण जावं लागते." सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण पोथी अकराव्या अध्यायावर थांबली ती थांबलीच. नवरा म्हणतो, "वर्धा रोडने या का अमरावती रोडने या, पोचता तर झिरो माइललाच, काहून डोकं खाऊन राहिले एकमेकांचं." ताईंना ते पटत नाही, कारण देवतांच्या भक्तीने मोक्ष मिळत नाही हे त्यांनी माहेरीही ऐकलेलं आहे. त्या विचारतात, सगळे मार्ग खरंच एकाच मोक्षाला जातात का? जात नसतील तर मी एवढी वर्षं महालक्ष्म्या मांडून काय केलं? आणि सासूबाईंना काय सांगू?

ताई,

यातलं तातडीचं काय ते आधी सांगते. मोक्षाचा वाद शेकडो वर्षांपासून चालू आहे, तो अजून काही महिने थांबला तरी चालेल, पण सासूबाईंची पोथी बंद राहणं चालणार नाही. तरी तुम्ही माझ्याकडे नुसती समजूत मागितलेली नाही, खरं काय ते विचारलंय, आणि सासूबाईंशी काय बोलायचं ते त्या खऱ्या उत्तरावरच अवलंबून आहे, म्हणून जरा लांबून येते.

तुमच्या मिस्टरांपासून सुरू करते. घरात कटकट नको एवढाच त्यांचा हेतू आहे आणि तो चांगलाच आहे. पण त्यांना वाटते आपण कोणाचीच बाजू घेतली नाही, तिथे मला थांबावंसं वाटते. सगळे रस्ते झिरो माइलला, आपल्या नागपुरातल्या त्या अंतरं मोजायच्या दगडाला, येतात हे आपण छातीठोकपणे म्हणू शकतो कारण तो दगड तिथे उभा आहे, कोणीही जाऊन हात लावून यावं. मोक्षाचं तसं नाही ना, तिथे रस्त्यापेक्षा जास्त वाद त्या दगडाचाच आहे, म्हणजे पोचायचं ते ठिकाण कसं आहे, आणि पोचल्यावर "मी" म्हणणारा कोणी उरतो का नाही.

शंकराचार्यांच्या अद्वैतात मोक्ष म्हणजे कुठे जाणं नाहीच. जीव आणि ब्रह्म एकच, अज्ञानामुळे वेगळे वाटतात, ते अज्ञान गेलं की झालं, आणि हे याच देहात जिवंतपणी होऊ शकते, त्याला जीवन्मुक्ती म्हणतात. रामानुजाचार्य म्हणतात असं अजिबात नाही, जीव नारायणाचा आहे, नारायणावाचून तो राहूच शकत नाही, पण तो नारायण होत नाही, मोक्षात तो वैकुंठात नारायणाची सेवा करतो आणि त्या सेवेतच त्याचा सगळा आनंद असतो, आणि देह आहे तोवर पूर्ण मुक्ती नाही, म्हणजे जीवन्मुक्ती त्यांना मान्यच नाही. मध्वाचार्य त्याच्याही पुढे जातात, ते पाच भेद सांगतात, ईश्वर आणि जीव, जीव आणि जीव, जीव आणि जड (म्हणजे अचेतन वस्तू), जड आणि जड, ईश्वर आणि जड, आणि हे भेद मोक्षातही मिटत नाहीत, इतकंच काय मुक्त झालेल्या जीवांच्या आनंदातसुद्धा कमीजास्त असते असं ते म्हणतात. सांख्य दर्शनाचं कैवल्य म्हणजे पुरुष (आत्मा) प्रकृतीपासून (जड सृष्टीपासून) सुटून केवळ स्वतःच राहतो, तिथे देवाची गरजच नाही. न्यायदर्शन मानणाऱ्यांचा अपवर्ग म्हणजे दुःख कायमचं संपणं, त्यात आनंद असा वेगळा काही नाही, आणि असला मोक्ष दगडासारखाच की, असं बाकीच्यांनी त्यांना पुष्कळ सुनावलेलंही आहे.

आता सांगा, हे सगळं एकच आहे असं कसं म्हणायचं? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात सांख्यांचं सविस्तर खंडन केलं, रामानुजांनी श्रीभाष्यात सुरुवातीलाच अद्वैताचं लांबलचक खंडन केलं, मध्वांनी तर अद्वैताशी जन्मभर वाद घातला. या माणसांना शब्दांपलीकडचं कळत नव्हतं असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. त्यांना फरक दिसत होता आणि तो महत्त्वाचा वाटत होता. आपण नागपूरच्या लोकांनी तर हे जवळून पाहिलं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली, लोकांना २२ प्रतिज्ञा दिल्या, सगळे मार्ग सारखेच असं त्यांनी मानलं असतं तर त्या दिवसाची गरजच पडली नसती. माणूस विचार करून एखादा मार्ग धरतो किंवा सोडतो तेव्हा "सगळं सारखंच आहे रे बाबा" म्हणणं हे वरवर प्रेमळ वाटलं तरी त्यात त्याच्या निवडीचा मान राहत नाही. तुमच्या मनाला मिस्टरांचं बोलणं लागलं ते मला वाटते याच्यामुळेच.

पण थांबा, म्हणून मुलाचं बरोबर असं लगेच होत नाही. इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकात अडकलेले आहेत आणि बहुतेक घरांमधे ते असेच अडकतात. एक प्रश्न साधनेचा, म्हणजे कर्म, भक्ती, ज्ञान, योग यातलं काहीही धरलं तरी पोचता येते का. दुसरा प्रश्न पोचण्याच्या ठिकाणाचा, म्हणजे अद्वैत्याचा मोक्ष आणि वैष्णवाचा मोक्ष एकच का.

पहिल्या प्रश्नाला आपल्या परंपरेत भरपूर लोकांनी "हो" म्हटलेलं आहे. गीतेच्या पाचव्या अध्यायातच आहे, सांख्य (इथे अर्थ ज्ञानमार्ग) आणि योग (इथे कर्ममार्ग) वेगळे आहेत असं अजाण लोक म्हणतात, जाणते नाही, सांख्यांना जे स्थान मिळते तेच योग्यांनाही मिळते. आणि लांब कशाला जायचं, तुमच्या सासूबाईंच्या पोथीतच आहे की. वासुदेवानंद सरस्वती म्हणजे टेंबे स्वामी शेगावला महाराजांना भेटायला येतात तो प्रसंग आठवा. एक अत्यंत कर्मठ, सोवळ्याओवळ्याचे संन्यासी, आणि इकडे महाराज, ज्यांना कसलंच बंधन नाही. महाराज त्यांना आपला भाऊ म्हणतात, तेव्हा महाराजांचा शिष्य बाळाभाऊ याला प्रश्न पडतो की तुमचे दोघांचे मार्ग इतके वेगळे, मग ते तुमचे भाऊ कसे? तेव्हा महाराज त्याला समजावतात की ईश्वराकडे जायचे तीन मार्ग आहेत, कर्म, भक्ती, योग, बाहेरून त्यांची रूपं निराळी दिसतात पण जाऊन मिळतात एकाच गावाला. हा प्रसंग पोथीत शेवटाकडे येतो. सासूबाई अकराव्यावर थांबल्या म्हणजे यंदा तो वाचायचा राहूनच गेला, आणि नातवाच्या बोलण्याला पोथीतलं उत्तर नेमकं तेच होतं.

दुसरा प्रश्न अवघड आहे. लोक इथे लगेच शिवमहिम्न काढतात, रुचीनां वैचित्र्यात् वगैरे, माणसांच्या आवडी वेगळ्या, वाटा सरळ-वाकड्या, पण नद्या जशा समुद्रालाच मिळतात तसं सगळ्यांनी पोचायचं ठिकाण तूच. विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ ला शिकागोच्या पहिल्याच भाषणात हाच श्लोक म्हटला होता. फार मोठ्या मनाचं वचन आहे, मला स्वतःला खूप प्रिय आहे. पण ते कोण कोणाला म्हणते ते पहा. शिवभक्त शिवाला म्हणतो, सगळे तुझ्याकडेच येतात. गीतेत नवव्या अध्यायात भगवान म्हणतात, दुसऱ्या देवतांची जे श्रद्धेने पूजा करतात तेसुद्धा माझीच करतात, फक्त विधी सोडून करतात. अद्वैती म्हणतो सगळी सगुण उपासना चित्त शुद्ध करते आणि शेवटी निर्गुणाच्या ज्ञानापाशी आणून सोडते. म्हणजे प्रत्येकजण सगळ्यांना आत घेतो पण स्वतःच्या घरात घेतो, त्या "एका" ठिकाणाला प्रत्येकाने आपल्याच देवाचं नाव दिलेलं असते. "सगळे मार्ग एकच" हे वाक्य कुठेही उभं न राहता म्हणताच येत नाही. तुमचे मिस्टर ते अद्वैतात उभे राहून म्हणतात, आणि अद्वैत ही सुद्धा एक बाजूच आहे. तुमचा मुलगा निदान आपण कुठे उभे आहोत ते उघड सांगतो.

मग माझं काय मत? मी वारकरी घरातली आहे, हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे मी कुठून बोलते ते तुम्हाला कळेल. मला वाटते साधना वेगळ्या असूनही माणूस पोचतो, याबद्दल शंका घ्यायला फारशी जागा नाही, इतके वेगवेगळे संत आपल्या डोळ्यासमोर आहेत. पण मोक्षाची वर्णनं खरोखर वेगळी आहेत, ती ओढूनताणून एक करायची मला गरज वाटत नाही. प्रत्यक्षात ती शेवटी एकच निघतात का, हे पुस्तकं वाचून, आणि रागाच्या भरात तर मुळीच, ठरवायची गोष्ट नाही. आणि आपल्याच मातीत असे लोक होऊन गेले ज्यांनी हा पेच वेगळ्याच तऱ्हेने सोडवला. ज्ञानेश्वर पूर्ण अद्वैती, तरी भक्ती सोडत नाहीत, अमृतानुभवात विचारतात की देव, देऊळ आणि देवाचा परिवार एकाच डोंगरातून कोरून काढता येतो, तर मग तशीच भक्ती का होऊ नये? अमरावती जिल्ह्यातले आपले गुलाबराव महाराज, १८८१ ते १९१५ एवढंच आयुष्य, लहानपणीच दृष्टी गेलेली, स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवायचे आणि कृष्णाला पती मानायचे आणि सिद्धांत मात्र अद्वैताचा, त्याला त्यांनी मधुराद्वैत नाव दिलं. तुमच्या घरात वडील अद्वैतात आणि मुलगा कृष्णप्रेमात, दोघांनी मिळून गुलाबराव महाराजांचं थोडंफार जरी वाचलं तरी बोलायला काहीतरी सापडेल, एवढं नक्की.

आता मुलाबद्दल. त्याच्यावर चिडू नका. या वयात पोरं काहीच मानत नाहीत किंवा सगळं जोरात मानतात, तुमचा जप करतो, लवकर उठतो, व्यसनापासून लांब आहे, हे कमी नाही. त्याने आजीला जे सांगितलं तेही त्याने मनाने बनवलेलं नाही, गीतेच्या सातव्या अध्यायात आहे की इतर देवतांच्या उपासकांना मिळणारं फळ संपणारं असते. पण त्याला म्हणावं, हेच वाक्य वाचून थांबू नको. त्याच गीतेत नवव्या अध्यायात "तेही माझीच पूजा करतात" आहे, त्याच अध्यायात पान-फूल-फळ-पाणी जे काही भक्तीने दिलं ते मी घेतो असंही आहे. आणि तो ज्या चैतन्य महाप्रभूंच्या, बंगालच्या कृष्णभक्त संतांच्या, परंपरेतलं वाचत असेल (पत्रावरून मला तसं वाटलं, नसेल तरी हे लागू आहे) त्यांनीच शिक्षाष्टकात सांगितलं आहे की गवतापेक्षाही नम्र व्हावं, झाडासारखं सहन करावं, स्वतः मान मागू नये आणि दुसऱ्याला मान द्यावा, तेव्हाच हरीचं कीर्तन सतत होऊ शकते. आजीला मोक्ष नाही हे सांगणं या ओळीत कुठे बसते ते त्याने स्वतःलाच विचारावं. अजून एक. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कपिल मुनी आपल्या आईला, देवहूतीला सांगतात की खऱ्या भक्ताला सालोक्य (देवाच्या लोकात राहणं), सामीप्य (त्याच्याजवळ असणं), सारूप्य (त्याच्यासारखं रूप), अगदी एकत्व जरी देऊ केलं तरी तो सेवेशिवाय काही घेत नाही. म्हणजे त्याच्या स्वतःच्या परंपरेत मोक्ष हे सगळ्यात वरचं बक्षीस नाहीच, त्याच्यापेक्षा प्रेम मोठं आहे. मग "तुला मोक्ष नाही मिळणार" ही भीती कृष्णभक्ताने दुसऱ्याला दाखवायचीच कशाला?

हे त्याला तुम्ही ऐकवू नका, विचारा. फोनवर नको, चारचौघात नको, आणि आजीसमोर तर मुळीच नको. "मला तुझ्याकडून समजून घ्यायचंय, हे दोन श्लोक एकत्र कसे बसतात" असं विचारलं तर तो नीट वाचून येईल, "आजीला काय बोलला तू" असं विचारलं तर तो भांडेल. आणि एक साफ सांगायचं, की तुझी श्रद्धा तुझी, घरात तिला पूर्ण जागा आहे, तुझ्यासाठी बिनकांदा-लसणाचं वेगळं पातेलं ठेवू, नैवेद्य दाखवून मगच जेवायचं असेल तर आम्ही थांबू, पण घरातल्या कोणाला मोक्ष मिळणार आणि कोणाला नाही हा निकाल या घरात कोणी देणार नाही. तू नाही, बाबा नाही, मी पण नाही. कारण त्याच्याही परंपरेत तो निकाल देवाच्या हातात आहे.

काळजी कधी करायची तेही सांगून ठेवते, कारण अशी पत्रं मला बरीच येतात आणि आईबाप चुकीच्या गोष्टीला घाबरतात. माळ, टिळा, उपास, पहाटे उठणं याला घाबरायचं काही कारण नाही. पण कॉलेज सुटायला लागलं, न सांगता पैसे जायला लागले, घरच्यांशी बोलायचं नाही असं कोणी शिकवायला लागलं, तर मात्र लगेच जाऊन भेटायचं, ग्रुपमधल्या मोठ्या माणसांशी समोरासमोर बोलायचं. मग तो ग्रुप कोणत्याही देवाचा असो.

सासूबाईंकडे येते. त्यांना "सगळं एकच असते आई, मनावर घेऊ नका" असं म्हणू नका. त्या वयाने मोठ्या आहेत, आपल्याला गप्प करायला बोललेलं वाक्य त्यांना बरोबर कळते. तुम्ही सगळे आजीला मोक्ष मिळणार का नाही यावर बोलताय पण आजीला मोक्ष पाहिजे आहे का, हे कोणी विचारलं का? मी गंमत करत नाहीये. पोथी वाचणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या बायकांना मी विचारलेलं आहे, बहुतेकींना महाराजांच्या जवळ राहायचं असते, शेवटच्या घडीला नाव तोंडात यावं एवढंच पाहिजे असते. आणि ती काही कमी प्रतीची इच्छा नाही. तुकोबांनी तर स्वच्छ सांगितलं आहे, हेंचि दान देगा देवा तुझा विसर न व्हावा, आणि पुढे न लगे मुक्ति धन संपदा, संतसंग देई सदा, आणि त्याच्यासाठी पुन्हा गर्भवासात घातलं तरी चालेल म्हणतात. जन्ममरणातून सुटायला सगळं शास्त्र धडपडते आणि हा माणूस म्हणतो मला परत जन्माला घाल, फक्त संतांची संगत दे. मोक्ष नाकारणारी ही वाट महाराष्ट्रात अगदी राजरस्ता आहे. तुमच्या सासूबाई जर त्या वाटेवर असतील तर नातवाचं वाक्य त्यांना लागूच होत नाही. तेव्हा एखाद्या दुपारी त्यांच्याजवळ बसा आणि साधं विचारा, आई, तुम्हाला महाराजांकडून काय हवं असते? आणि मग मधे न बोलता ऐका.

त्यांच्या मनात दुसरीही एक गोष्ट असू शकते, ती म्हणजे पारायण खंडित झालं, आता दोष लागेल. ही भीती बायका बोलून दाखवत नाहीत आणि मग पोथीला हात लावायलाच घाबरतात. त्यांना सांगा की नव्याने सुरू करता येते, बरेच जण दशमी, एकादशी, द्वादशी असं तीन दिवसात पारायण करतात, रोज सात अध्याय, २१ पूर्ण होतात. एवढं बसवत नसेल तर रोज एक अध्याय. येत्या दशमीला तुम्हीच चौरंग मांडून द्या आणि म्हणा, आई तुम्ही वाचा, मी ऐकते. तुम्ही महानुभाव घरातल्या असून ऐकायला बसलात हे त्यांना नातवाच्या दहा सॉरीपेक्षा जास्त पोचेल. नातू सुट्टीत आला की त्यालाही म्हणावं की आजीला डोळ्यांनी त्रास होतो, एक अध्याय तू मोठ्याने वाच. त्याला ते मान्य असायची गरज नाही, आजीची सेवा म्हणून वाचायचं. आणि तो वाचेल तेव्हा त्याच्या लक्षात येईल की समाधी घ्यायच्या आधी महाराज पंढरपूरला जाऊन विठ्ठलाची परवानगी घेतात, आणि विठ्ठल कोण हे कृष्णभक्ताला सांगायला नको.

आता तुम्ही. ताई, पत्राचा सगळ्यात खरा भाग मला तुमचाच वाटला, आणि तो तुम्ही दोन ओळीत उरकला. तुमच्या पंथाचं म्हणणं पक्कं आहे, जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार वेगळे, चौघेही अनादी, देवता आपापल्या परीने फळ देतात पण मोक्ष देतो तो फक्त परमेश्वर. चक्रधर स्वामींनी तेराव्या शतकात आपल्या मराठीत सांगितलेलं हे तत्त्वज्ञान आहे, इतकं स्पष्ट की त्याला "सगळं एकच" च्या पाण्यात विरघळवता येत नाही, आणि कोणी विरघळवूही नये. म्हणजे तुम्हाला जी टोचणी लागते ती खुळेपणा नाही. पण एक विचारते, रागावू नका. ही टोचणी महालक्ष्म्या मांडल्याची आहे, का तुमचं स्वतःचं नामस्मरण मागे पडल्याची? कारण पत्रात तुम्ही मांडलेल्या पूजा सगळ्या आल्या, स्वतःच्या स्मरणाबद्दल एक शब्द नाही.

महालक्ष्म्यांच्या दिवशी तुम्ही पुरण घातलं, आंबील केली, फुलोरा केला, सवाष्णींना जेवू घातलं, ते सून म्हणून केलं. त्याच्यामागे मोक्षाची अपेक्षा नव्हती, घराचं मन राखायचं होतं. उपासना आणि घरकाम यात फरक आहे आणि तो फरक करायचा हक्क तुम्हाला आहे. पुढच्या वर्षीपासून असं करता येईल की स्वयंपाक, पाहुणे, सजावट तुम्ही बघा आणि पूजेला तुमचे मिस्टर बसतील, ते वेदांती आहेत त्यांना कोणत्याच मूर्तीची अडचण नसावी. किंवा तुम्हाला पूजाही करायची असेल, तर सासूबाईंचा मान म्हणून करा आणि तुमचं स्मरण रोजचं रोज वेगळं ठेवा. किंवा अजिबात करवत नसेल तर तेही आताच, सणाच्या कितीतरी आधी, सासूबाईंशी एकांतात बोला. यातलं काय योग्य ते मी सांगू शकत नाही कारण मी तुमच्या पंथाची नाही, तुमच्या माहेरच्या आश्रमातले महंत सांगू शकतील. महानुभाव घरातल्या मुली दुसऱ्या घरात पडणं ही विदर्भात काही नवीन गोष्ट नाही, त्यांच्यासमोर असे प्रश्न कितीदा आले असतील. तुमच्या पंथाचं तीर्थस्थान रिद्धपूर नागपूरहून काही फार लांब नाही. आईला सोबत घ्या, जाऊन दंडवत घाला आणि विचारा. एक मात्र नको, या सगळ्या गडबडीत घाबरून नवीन दीक्षा घेऊ नका, मुलाच्या ग्रुपचीही नाही आणि दुसऱ्या कोणाचीही नाही. तुमच्याकडे आधीच एक उपदेश आहे, आधी तो जगून पहा.

आणि मिस्टरांना एवढंच म्हणा की तुम्हाला अद्वैत प्रिय आहे तर ते अद्वैत म्हणून सांगा, आम्ही ऐकू, पण आमचे वाद मिटवायचं झाडू म्हणून वापरू नका. शंकराचार्यांनीसुद्धा सगळं सारखं म्हटलेलं नाही, सगुणाच्या उपासकाला ब्रह्मलोकातून क्रमाने मुक्ती मिळते अशी व्यवस्था त्यांनी लावली आहे. म्हणजे त्यांच्या हिशोबानेसुद्धा आजीची वाट बंद होत नाही, आणि हे जर त्यांनी आईजवळ बसून सांगितलं असतं तर झिरो माइलपेक्षा जास्त उपयोग झाला असता.

ज्यांच्या घरी असंच काही चालू आहे, कोणी केंद्रात जाते, कोणी बैठकीला, कोणी काहीच मानत नाही, त्यांनाही माझं हेच सांगणं की जेवायच्या ताटावर मोक्षाची चर्चा करू नका, आणि लहान मुलांना विचारू नका की तुला कोणाचा देव आवडतो. फरक असेल तर असू द्या, तो लपवला की आत कुजतो. एकमेकांचं जे आहे ते नीट विचारून घ्या, उत्तर ऐकून लगेच आपलं सांगायला सुरुवात करू नका.

तुमच्याकडे क्रम असा धरा: दशमीला पोथी, मग दिवाळीत मुलगा आला की त्याच्याशी दोन श्लोकांचं बोलणं, आणि रिद्धपूरला मधे जेव्हा जमेल तेव्हा. महंतांना विचारायचे प्रश्न आधीच कागदावर लिहून न्या, समोर बसलं की अर्धे विसरतात. आणि ते काय म्हणाले ते मला नक्की कळवा, तुमच्यासारख्या बऱ्याच जणींना ते हवं आहे.